मुराळ्याची मोटार

दगडू, गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात. मी लावणार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखात येते हे खान्देशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तू चैत्रात गेलास. दारात आलेला सण तुला दिसला नाही? थोडा थांबला असतास, मला माहेरी घेऊन गेला असतास, मग तुला काय करायचं ते केलं असतंस. पण घाई ही तुझी जन्मखोड. सुईण घरात पाय ठेवायच्या आत तू जन्मलास, असं माय सांगायची.

तुझ्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून मायने तुझं नाव दगडू ठेवलं. दगडाला कोण नेणार, मरणाची नजरही त्याच्यावरून पुढे जाईल, अशी त्या बिचारीची समजूत. ती असेपर्यंत ती खरी ठरली. तिच्यामागे तू फार दिवस राहिला नाहीस. तिला हे पाहावं लागलं नाही म्हणून मी देवाला हात जोडते, आणि हात सोडले की त्याच देवाशी भांडते.

लग्न होऊन मी भडगावला आले तेव्हापासून दर आखाजीला मला न्यायला तूच आलास. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय, मूळ आल्याशिवाय, लेकीने घर सोडायचं नाही ही आपली रीत, आणि आपल्या घरात मुराळी म्हणजे तू. पहिल्या साली आपल्या वडिलांनी, नानांनी, तुला दमणी जुंपून पाठवलं तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. वाटेत तू झोपलास, आणि बैल ओळखीच्या वाटेने पारोळ्याच्या बाजारात जाऊन उभे राहिले. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, विचारलं, "का रे भो, इतला उशीर?" तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "बैलस्ले बाजार करना व्हता." तेव्हापासून तू आबांचा लाडका. मला इतकी वर्षं राबून जे जमलं नाही ते तुला एका वाक्यात जमलं. त्याचा मला रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

मग तू मोटार घेतलीस. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाची, टप फाटलेली, हँडल मारमारून खांदा उतरेल तेव्हा जागी होणारी. लग्नसराईत धुळ्यातल्या नवरदेवांना मिरवायला तू ती भाड्याने द्यायचास आणि स्वतःच चालवायचास. मायने शेवटपर्यंत तिच्यात पाय ठेवला नाही. "जिले शेपूट नही तिना काय भरोसा," म्हणायची. पण आखाजीला तू ती घेऊन भडगावला आलास की गल्लीतल्या साऱ्या सुना दारात यायच्या, आणि मी मुद्दाम सावकाश, पदर सारखा करत, पुन्हा एकदा घरात जाऊन विसरलेलं काहीतरी घेऊन, मग बसायची. तो तोरा मला तू दिलास. माझ्या सासरी मला दुसरं काही नव्हतं असं नाही, पण ते माझं एकटीचं होतं.

गेल्या आखाजीचं सांगते. तुला ठाऊक आहे, पण मला सांगू दे.

मायला जाऊन काही महिने झाले होते. तिच्या मागची पहिली आखाजी, म्हणजे धुळ्याला पोचायलाच हवं होतं. आदल्या दिवशी सकाळी तुझा भोंगा ऐकला आणि मी भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिले. तू आलास, हात केलास, आणि दारावरून सरळ पुढे निघून गेलास. तुझा चेहरा पांढराफटक. गल्लीच्या टोकाला शेजाऱ्यांच्या उकिरड्यात मोटारीने तोंड खुपसलं तेव्हा ती थांबली. कोंबड्या चारी दिशांना. आबा काठी टेकत ओट्यावरून उतरले, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मोटर चांगली शे. फक्त उभी ऱ्हात नही."

"ब्रेक गया, आबा," तू म्हणालास. गिरणा नदीच्या उतारावरच त्याने मान टाकली होती. खाली वाळू होती म्हणून तू निभावलास.

आबांनी दमणी जुंपून देतो म्हटलं. मीही म्हटलं, चालेल की, दमणीने काय मी पहिल्यांदा जाते आहे? तुझं नाक लगेच लाल. मोटारीने आलेला मुराळी बहिणीला सासऱ्याच्या दमणीतून नेणार, हे तुला मरणापेक्षा वाईट वाटलं. ढकलत ढकलत मोटार आमच्या अंगणात आणलीस, निंबाखाली मागची बाजू विटांवर चढवलीस, चाक काढलंस, आणि हत्यारांची फडक्यातली मोट सोडून बसलास.

ब्रेकचे दोन जबडे असतात आणि ते एका जाड बोल्टावर बसवलेले असतात, हे मला त्या दिवशी कळलं. जबड्यांवरची पट्टी पार झिजली होती. नवी पट्टी आणि नवा बोल्ट तू जळगावहून आणून मोटारीतच ठेवले होतेस. जुना बोल्ट काढायचा, पट्टी बदलायची, नवा बसवायचा. "जेवाना आत हुई जाई, आक्का," असं तू म्हणालास आणि मी वेड्यासारखी पोळ्या लाटायला गेले.

पोळ्या निवून गेल्या तरी बोल्ट जागचा हलला नव्हता. तुझा पाना एक माप मोठा. मधल्या फटीत तू पत्र्याचा तुकडा खुपसलास आणि अंगाचा जोर लावलास. पाना सटकला, तू उताणा पडलास, आणि बोल्टाच्या डोक्याच्या साऱ्या कडा झिजून ते सुपारीसारखं गोल झालं. आता पान्याने धरायला काही उरलं नाही. मी म्हटलं, आधीच नीट मापाचा पाना का नाही आणलास? तू म्हणालास, आता आणून काय त्याची पूजा करू? दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण लांबलं.

मग तू आबांच्या कंदिलातलं रॉकेल बोल्टावर ओतलंस. लढाईचे दिवस, रॉकेल औषधाला मिळत नव्हतं. आबा ओट्यावरून म्हणाले, "रातले मोटर पेटाडीसन उजेड करजो." तरी बोल्ट ढिम्म. शेवटी मी चुलीतले निखारे पत्र्यावर घालून आणले, बोल्टाच्या डोक्याशी धरले आणि फुंकणीने फुंकायला लागले. थोड्या वेळाने वास आला. तो वास माझ्या ओळखीचा होता. दरसाल दाराच्या फळ्यांना आपण तेल चोळतो आणि ते उन्हात तापतं, तेव्हा येतो तो.

"दगडू, याले कसानं तेल दिन्हं तू?"

"जवसनं."

"जवसनं?"

"मशीननं तेल मियत नही आते. नाना दमणीना आसले तेल देत, तसं मी दिन्हं."

"नाना एरंडीनं देत! जवसनं तेल सुकस, येड्या. सुकीसन त्यानं रोगण व्हस!"

तू जीभ चावलीस. पावसाळ्यापासून आठवड्याच्या आठवड्याला तू आपल्या हाताने त्या बोल्टाला रोगण चढवत होतास, आणि ब्रेक तापला की ते भाजून पक्कं होत होतं. इतकं मन लावून कोणी स्वतःचं नुकसान केलं नसेल. आबा हसले, मी हसले, तूही हसलास, आणि हसता हसता तुला खोकला लागला. तो लवकर थांबेना. निखाऱ्यांचा धूर घशात गेला, असं तू म्हणालास. मी तुला गूळपाणी दिलं आणि धुराला शिव्या दिल्या.

जेवून पुन्हा बसलास. कानशीने घासून बोल्टाच्या डोक्यात कडेला एक खाच पाडलीस. त्या खाचेत छिन्नी तिरकी धरायची आणि बोल्ट ज्या अंगाला सुटतो त्या अंगाला तिच्यावर हातोडा घालायचा. पण छिन्नी धरणार कोण? तुझा एक हात जमिनीला टेकलेला, एका हातात हातोडा. मी पदर खोचला, चाकाच्या जागी बसले, आणि छिन्नी सांडशीत पकडली. शेजारच्या कुडावरून दोन डोकी वर आली, पाहून पुन्हा खाली गेली. सून मोटारीखाली शिरली हे संध्याकाळपर्यंत नदीच्या घाटावर पोचणार होतं. आबांनी पानाला चुना लावायला घेतला, म्हणून मीही उठले नाही.

पहिला घाव तू इतका हळू घातलास की छिन्नीवरची माशीही उडाली नसती. तुझं लक्ष बोल्टाकडे नव्हतंच, माझ्या बोटांकडे होतं. मी ओरडले, अरे मार ना, मी काय काचेची आहे? मग जरा जोरात मारलंस. प्रत्येक घावानंतर माझ्या हाताकडे बघायचास. लहानपणी मी तुला झोका द्यायची तेव्हा मी पण असंच बघायची, पोरगं दोरी सोडतं की काय म्हणून. कोण कोणाला सांभाळत होतं कुणास ठाऊक.

आणि मध्येच तू हातोडा खाली ठेवलास.

"आक्का, एक सांगू?"

"सांग."

"पुढला सालले तू आपली आपली ये. कजगावले गाडीमा बस, चाळीसगावले गाडी बदल. दुपारले धुये."

हे तू दोन-तीन सालांपासून म्हणत होतास, पण थट्टेत. मी नेहमीचं उत्तर दिलं. "मूळ नही तं मी येवाव नही."

"आनि मी उनूच नही तं?"

"तं मनं माहेर संपनं समजसू."

तू आलाच नाहीस तर माझं माहेर संपलं, हे मी चिडून बोलले, आणि तसंच मला वाटतही होतं. न बोलावता, न न्यायला येता, आपण आपलं गाठोडं उचलून भावाच्या दारात उभं राहायचं? रीत राहू दे बाजूला. कोणीतरी माझ्यासाठी वाट तुडवत येतं, हे मला हवं होतं. वर्षभर भाकरी थापताना, वर्षभर पाणी भरताना मला ते पुरायचं. तू हातोडा उचललास आणि असा घाव घातलास की सांडशीतून माझा खांदा हलला. बोल्ट करकरला. आणखी एक घाव, आणि तो फिरला. तू आनंदाने एवढा ओरडलास की आबांच्या हातातली पानाची चंची पडली.

त्या ओरडण्यात ते बोलणं तिथेच राहिलं. नव्या बोल्टाला मी माझ्या हाताने एरंडेल चोळलं, आणि तू ते निमूटपणे चोळू दिलंस. ऊन उतरल्यावर आपण निघालो. गिरणेच्या उतारावर तू मधोमध मोटार थांबवलीस आणि मागे वळून पाहिलंस. "देख." पुढच्या उताराला पुन्हा तेच. धुळ्यापर्यंत जेवढे उतार आले तेवढ्या ठिकाणी तू थांबलास, आणि तेवढ्या वेळा मी म्हटलं, देखं रे बाबा, देखं, आते चाल. इतक्या सुखाने मी त्याआधी कधी माहेरी गेले नव्हते. हे तुला त्या वेळी सांगायला हवं होतं, पण मी म्हणत राहिले की धुळीने माझं लुगडं खराब झालं.

चैत्रात तार आली. मरणाला मूळ लागत नाही, सणाला लागतं. ह्यांच्याबरोबर आगगाडीने धावत आले तर तू अंगणात, माणसांच्या मधोमध, आणि तुझं नाक अजून तसंच, आत्ता चिडून बोलशील असं. तेरा दिवस मी तिथे होते. एके दुपारी तांदूळ निवडताना तुझ्या बायकोने, वेणूने, मला सांगितलं. ब्रेकची पट्टी आणायला म्हणून तू जळगावला गेलास, ते खरं तर डॉक्टरकडे गेला होतास. त्याने छाती तपासली आणि अंगमेहनत बंद कर म्हणून सांगितलं, आणखीही बरंच सांगितलं. परतताना तू पट्टी नि बोल्ट घेतलास, म्हणजे घरी दाखवायला काहीतरी असावं. वेणूला तू ते दिवाळीनंतर सांगितलंस. मला तर सांगितलंच नाहीस.

म्हणजे निंबाखाली, माझ्यासमोर, तू ते ठाऊक असताना हातोडा घालत होतास. मी धुराला शिव्या देत होते आणि तू गूळपाणी पीत होतास. "मी उनूच नही तं" हे तू थट्टेत विचारलं नव्हतंस. तू मला वाट पाठ करून देत होतास, कजगाव, चाळीसगाव, धुळे, लहान पोराला शाळेची वाट दाखवावी तशी. मेल्या, सरळ सांगता येत नव्हतं? मी काय केलं असतं? रडले असते. दमणीने गेले असते. तुला हातोड्याला हात लावू दिला नसता. कदाचित म्हणूनच सांगितलं नाहीस. तुला मोटारीनेच न्यायचं होतं. मला तुझा राग येतो, आणि राग येऊन झाला की तुझे पाय धरावेसे वाटतात. मी मोठी आहे, धाकट्याचे पाय धरत नाहीत, तरी वाटतं.

आखाजी जवळ आली तशा गल्लीत मुराळी यायला लागले. ह्यांनी म्हटलं, मी पोचवतो. मी नको म्हटलं. सासरच्या माणसाने माहेरी सोडायचं म्हणजे माहेरी कोणी उरलं नाही हे चारचौघांत कबूल करायचं. घरातच राहीन, असंच ठरवलं होतं. तुला तसं बजावलंही होतं. आदल्या दिवशी सकाळी भांडी घासताना कान गल्लीच्या तोंडाशी. भोंगा वाजणार नाही हे मला ठाऊक होतं, माझ्या कानांना ठाऊक नव्हतं. आबा ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना आता नीट दिसत नाही, तरी बघत होते. मग म्हणाले, "माय, तू जाय. लोक काय म्हनतीन ते मी देखसू."

गेले. कजगावपर्यंत छकड्याने, तिथून आगगाडी. चाळीसगावला धुळ्याच्या गाडीत बायकांचा डबा लेकींनी भरलेला. कोणाचे भाऊ खिडकीतून गाठोडी आत देत होते, कोणाला स्टेशनवरून बर्फाचं पाणी आणून देत होते. शेजारच्या बाईने हसून विचारलं, "तुना मुराळी कोठे शे, बाई?"

"पुढना डब्बामा शे," मी म्हणाले.

धुळ्यापर्यंत ती मला सांगत होती की तिचा भाऊ वाटेत कसा झोपतो. मी हो हो म्हणत होते.

घरी पोचले तेव्हा वेणू दारात आली. मला एकटीला पाहिलं, आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. तिलाही सवय. मग आम्ही दोघी उंबऱ्यातच एकमेकींच्या गळ्यात पडलो. तिने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. "मी कोनले धाडू, आक्का?" एवढंच ती म्हणत होती. तुझी मोटार छपराखाली उभी आहे. भाड्याला मागायला लोक येतात, पण हँडल मारायला कोणाला येत नाही.

दुसऱ्या दिवशी तुझी पहिली आखाजी म्हणून भाऊबंद बसायला आले. पितरांच्या नावाची नवी घागर, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. घरात पुरुष माणूस नाही, तेव्हा घागर कोणी भरायची यावर कुजबुज सुरू झाली. वेणू आतून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आक्का भरतीन." कोणीतरी घागर माझ्यापुढे सरकवली. मी बसले. गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि पाणी घालायचं. नानांचं नाव घेतलं, पाणी घातलं. मायचं घेतलं, घातलं. मग तुझी पाळी आली. गेलेल्यांची नावं हळू, तोंडातल्या तोंडात घेतात, हे मला कळतं. पण तुझं नाव मी जन्मात कधी हळू घेतलेलं नाही. माझ्या तोंडातून निघालं ते गल्लीत खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तसं, चांगलं ओरडून निघालं.

"दगडूऽऽ!"

मी हातात तांब्या धरून थांबले. वाटलं, आता कुठूनतरी ओ देशील.

तू ओ दिली नाहीस. मग मी पाणी घातलं.